मपलं किती, तुपलं किती?

आमचे साडू आरोग्य विम्याचे एजंट आहेत. या एका वाक्यात माझी निम्मी अडचण सांगून झाली. परका एजंट आला तर 'साहेब घरी नाहीत' असं साहेबांनाच आतून ओरडून सांगता येतं. साडू बायकोच्या सख्ख्या बहिणीला घेऊन येतो. दोघी बहिणी स्वयंपाकघरात शिरल्या की बाहेरच्या खोलीत आपण, साडू आणि मधे चिवड्याची ताटली एवढंच उरतं. चिवडा संपतो, साडू संपत नाही.

पूर्वी विम्याच्या जाहिरातीखाली बारीक अक्षरात एक ओळ असायची : विमा ही आग्रहाची विषयवस्तू आहे. कोणा भाषांतरकाराने शब्दकोश मांडीवर घेऊन केलेलं हे काम असणार. पण आमच्या जालन्यात ते शब्दशः खरं आहे. आग्रह म्हणजे काय ते इथल्या पंगतीत बसल्याशिवाय कळत नाही. पानावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून बुंदी सोडणारी माणसं आहेत आमची. साडूंनी तो सगळा अनुभव विम्याच्या धंद्यात उतरवला आहे.

गेल्या दिवाळीत ते चप्पल काढता काढताच म्हणाले, "साडूभाऊ, जीएसटी गेला!" आवाज असा, की भाऊबंदकीतला दावाच निकाली लागला असावा. २२ सप्टेंबर २०२५पासून घरच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर शून्यावर आला, हे मीही पेपरात वाचलं होतं. पण वाचलेल्या पैशावर कोणाचा हक्क असतो, हे पेपरात नव्हतं.

"तुमची तीन लाखांची पॉलिसी आहे ना, तिच्यावर वीस लाखांच्या सुपर टॉप-अपचे पत्रे टाकून देऊ. फक्त एक सांगा. डिडक्टिबल किती टाकू? तीन का पाच?"

'साखर एक चमचा का दोन?' या सुरात त्यांनी हे विचारलं. मी नव्या मोंढ्यातल्या एका बियाण्याच्या दुकानात २२ वर्षं हिशेब लिहितो. आकड्याला मी भीत नाही. पण या शब्दाशी माझी ओळख नव्हती.

"म्हणजे काय?"

"पहिले तीन लाख तुमचे. त्याच्या पुढचं कंपनीचं."

"पहिले तीन लाख मीच भरायचे, तर विमा कोणाचा उतरवला? माझा का कंपनीचा?"

साडू हसले. त्यांना हा प्रश्न रोज भेटत असावा. "विचार करून सांगा," म्हणाले, आणि जाताना सांगून गेले, "मी स्वतः पाचचा घेतलाय. चार वर्षं झाली. हप्ता एकदम हलका. टेन्शन नाही."

"पण तुमचीही खालची पॉलिसी तीनचीच आहे. मधले दोन लाख कुठून आणणार?"

"होतं हो. माणसं आहेत आपली."

हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. हिशेबनीस माणसानं असं वाक्य सोडायचं नसतं.

दिवाळी सरल्यावर दुकानात शेटजींपुढे विषय काढला. जालन्याची ख्याती दोन गोष्टींची, बी आणि सळई. एक मातीत पेरायची, दुसरी सिमेंटमध्ये. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, १९९८मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून शहरातला प्रत्येक बीविक्रेता स्वतःला निम्मा शास्त्रज्ञ समजतो. शेटजी त्यातले. ते म्हणाले, "यात नवीन काय? ही आपली कटती."

कटती म्हणजे शेतकऱ्यानं क्विंटलभर माल घातला, की धूळ, ओल, माती, पोत्याचं वजन अशा नावांनी त्यातून किलो-दोन किलो वजा करायचे आणि उरलेल्याचे पैसे द्यायचे. ही कटती कागदावर बंद असते, काट्यावर चालू असते. शेटजींचा खुलासा मला इतका पटला की मी दोन दिवस सगळ्यांना तोच सांगत फिरलो. तिसऱ्या दिवशी साडूंनी फोनवर चूक काढली. कटती प्रत्येक पोत्यामागे लागते. विम्यात तिला को-पे म्हणतात : बिल दहा हजारांचं असो की दहा लाखांचं, ठरलेला टक्का दर वेळी आपला. डिडक्टिबलचं तसं नाही. तिथे सुरुवातीची काही पोती सबंधच आपली आणि मग पुढचा सगळा ढीग कंपनीचा.

"मग त्याला मराठीत काय म्हणायचं?"

"वजावट," साडू म्हणाले. पण या शब्दाला इन्कम टॅक्सचा वास येतो. वजावट म्हटलं की काहीतरी वाचलं असं वाटतं. इथे तर भरायचं होतं.

खरा शब्द सापडला तो आमच्या मामांकडे. मामांची शेती अंबड तालुक्यात. थोडी मोसंबी, थोडी कपाशी, बाकी सोयाबीन. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. मामांच्या मते ते मानांकन पाण्याला मिळालं असतं तर बरं झालं असतं. सोयाबीन विकायला मोंढ्यात आले होते, मुक्कामाला घरी आले. मी डिडक्टिबल सांगितलं. त्यांनी बशीतला चहा संपवला.

"भाच्या, हे तर आमच्या पीक विम्यात कवाचंच हाय. उंबरठा म्हणत्यात त्याला."

आणि खरंच, सरकारी कागदात शब्द तोच आहे : उंबरठा उत्पन्न. गेल्या सात वर्षांपैकी चांगली पाच धरायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिचे सत्तर टक्के करायचे. समजा, सरासरी दहा क्विंटल. उंबरठा झाला सात. आठ क्विंटल पिकलं तर दोनाचा घाटा शेतकऱ्याचा, कंपनी घरातून बाहेर येत नाही. पाच पिकलं तर उंबरठ्याखाली दोन गेले, म्हणून विमा रकमेचे सातातले दोन हिस्से मिळणार. वरचा तीस टक्क्यांचा मार आधीच आपल्या नावावर. हेच ते डिडक्टिबल. फरक इतकाच की तिथे 'तीन का पाच' असं कोणी विचारत नाही. शिवाय पीक मोजायचं ते अख्ख्या महसूल मंडळाचं.

"मपल्या वावरात सहा पिकलं," मामा म्हणाले, "पण मंडळात आठ पिकलं. मंग मपला घाटा गेला मंडळाच्या सरासरीत."

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : आमच्याकडे माझं म्हणजे मपलं आणि तुझं म्हणजे तुपलं. साडूंच्या पॉलिसीची चाळीस पानं जे सांगता सांगता दमली, ते मामांनी उठता उठता सांगितलं. "मपलं किती, तुपलं किती, येवढं एकदा ठरवून घे. बाकी समदा कागुद."

हे सगळं आतून ऐकत असलेली बायको तेव्हा बाहेर आली. तिच्या मते हा शोध विमा कंपनीचाही नाही आणि शेती खात्याचाही नाही. "पहिलं बाळंतपण माहेरी, दुसऱ्यापासून सासरी. हे काय आहे मग?" मामांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. विम्याची इतकी नेमकी व्याख्या मी कुठेच वाचली नव्हती. ती पुढे म्हणाली, "आणि लग्नाचा खर्चही माझ्याच बापानं केला होता. म्हणजे हप्ताही आमचा आणि डिडक्टिबलही आमचंच." मामांना अचानक बैलांची आठवण झाली आणि ते निघाले. त्यांनी बैल विकून सहा वर्षं झाली आहेत.

उंबरठा मनात बसल्यावर मी जरा वाचन केलं. विम्यातला हा रिवाज चांगला पावणेतीनशे वर्षांचा निघाला. लंडनच्या लॉइड्समध्ये, म्हणजे मुळात एका कॉफीच्या दुकानात, जहाजांचे विमे उतरवले जात. १७४९मध्ये तिथल्या पॉलिसीत एक टीप आली : काही मालाची किरकोळ खराबी आम्ही भरून देणार नाही. काही जिनसांना पाच टक्क्यांची मर्यादा, उरलेल्यांना आणि जहाजाला तीन टक्क्यांची. आणि काही जिनसा इतक्या नाजूक की जहाज रुतलं किंवा सगळ्यांचं मिळून नुकसान झालं तरच थोड्याफार खराबीचे पैसे. त्या जिनसांची नावं वाचली आणि मी ताठ बसलो : धान्य, मासे, मीठ, फळं, पीठ आणि बियाणं. बियाणं! म्हणजे किरकोळ नुकसान तेव्हापासून ज्यांच्या डोक्यावर बसलं त्यांत आमच्या धंद्याचे पूर्वज होते. शेटजींना सांगितलं तर ते म्हणाले, "तेव्हाही कटती होतीच की." मी वाद घातला नाही. पगार व्हायचा होता.

कारण मात्र समजण्यासारखं होतं. मीठ दमट होणार, फळ थोडं नासणार, हे निघतानाच ठाऊक असतं. ठाऊक असलेल्या नुकसानीचा विमा उतरवायचा म्हणजे आपलेच पैसे कंपनीकडे ठेवायला देऊन तिच्या कारकुनाचा पगार कापून परत घ्यायचे. पन्नास रुपयांच्या दाव्यालाही कागद तेवढेच लागतात. १९६३मध्ये केनेथ अॅरो या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं हे गणितानं मांडलं : कंपनीचा खर्च हप्त्यात धरला जातो, तेव्हा लहान मार आपण सोसावा आणि एका रकमेच्या पुढचा सगळा विम्यावर टाकावा. १९७२मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मामांनी तेच बशीतल्या चहावर सांगितलं. पण त्यांना अजून परवाच्या खरिपाचे पैसेही मिळालेले नाहीत.

खरं तर सोसण्याच्या बाबतीत आम्हाला कोणी शिकवायला नको. दुखणं 'अंगावर काढणं' हा आमचा पिढीजात डिडक्टिबल आहे. पहिले तीन दिवस ओवा, हळद आणि शेजारणीचा काढा. पुढचे तीन दिवस मेडिकलवाल्याला 'ती परवाची पिवळी गोळी' मागून. मग गल्लीतले डॉक्टर. मग 'कोणीतरी चांगला पाहा रे'. आणि तिथूनही पुढे गेलं की साठ किलोमीटरवर संभाजीनगर. पेशंट संभाजीनगरला पोचतो तेव्हा त्याचा निम्मा उंबरठा अंगावरच ओलांडून झालेला असतो. अमेरिकेत रँड नावाच्या संस्थेनं १९७०च्या दशकात काही हजार लोकांवर प्रयोग केला. काहींना उपचार फुकट, काहींना बिलातला वाटा. वाटा भरणारे डॉक्टरकडे कमी गेले. बहुतेकांचं त्यानं काही बिघडलं नाही. पण जे गरीब होते आणि आधीच आजारी होते, त्यांचं बिघडलं, रक्तदाब वाढलेला राहिला. लोकांनी बिनकामाच्या फेऱ्या टाळल्या तशा कामाच्याही टाळल्या. फेरी कोणती कामाची होती, हे फेरी मारल्यावरच कळतं.

आमच्या घरात या सगळ्याच्या वर बसलेला एकच माणूस आहे, आमचे अण्णा. वय ७४. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरी ओलांडलेल्यांना, मिळकत कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. अण्णांनी त्याचं कार्ड काढलं, लॅमिनेट केलं आणि बनियनच्या खिशात ठेवलं. "माझं डिडक्टिबल शून्य," ते सकाळी फिरायला आलेल्या मंडळींना सांगतात. त्यांच्या मते मीही विम्याच्या फंदात पडू नये. महात्मा फुले योजना आता सगळ्या रेशनकार्डांना आहे, पांढऱ्यालाही.

"अण्णा, पण तिथे रुग्णालयं ठरावीक, उपचार ठरावीक. आपल्याला निवड नको का?"

"आजारपण निवडून आलं होतं का?"

यावर उत्तर नव्हतं. शेजारच्या रोलिंग मिलमधल्या सुपरवायझरकडेही नव्हतं. त्याचा पगार एकवीस हजारांच्या आत आहे, म्हणून त्याला कामगार विमा लागू आहे आणि अख्ख्या घराचा दवाखाना त्यातच निघतो. मालकानं यंदा पगार वाढवून बावीस हजार करतो म्हटल्यावर हा माणूस हात जोडून उभा राहिला : साहेब, एवढी कृपा करू नका. उंबरठे असे दोन्ही बाजूंनी असतात. काही ओलांडल्यावर घर लागतं, काही ओलांडल्यावर सुटतं.

आता आकड्यांकडे येतो, कारण साडू रोज फोन करू लागले होते.

पहिला घोळ टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांचा. नुसत्या टॉप-अपमध्ये उंबरठा प्रत्येक भरतीला नव्यानं बांधला जातो. वर्षात तीन वेळा दोन-दोन लाखांची बिलं झाली, तर तीन लाखांचा उंबरठा एकदाही ओलांडला गेला नाही. सहा लाख खर्चून हाती शून्य. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराची बेरीज धरतात. सहातले तीन तुमचे, तीन कंपनीचे. एकदा ओलांडला की वर्ष संपेपर्यंत तुम्ही आत. म्हणजे नावातला 'सुपर' हा शब्द सुपर बासमतीतल्यासारखा शोभेचा नाही. तो बघूनच सही करावी.

दुसरं, उंबरठा आपल्याच खिशातून ओलांडला पाहिजे असं नाही. खालच्या पॉलिसीनं दिलेले तीन लाखही त्यात मोजतात. म्हणून खालचा माळा तीनचा असेल तर वरचा जिना तीनपासून सुरू व्हावा. पाचपासून केला तर मधे दोन लाखांची रिकामी जागा राहते. आमच्याकडे अशा जागेला खड्डा म्हणतात आणि पावसाळ्यात तो पाण्यानं भरल्यामुळे दिसत नाही.

तिसरं, मोजतात तो मान्य झालेला खर्च. हातमोजे, टोप्या, फाइल, कसलंसं 'प्रशासकीय शुल्क' यांच्यापैकी बरंच काही मोजणीत येत नाही. आणि खोलीचं भाडं! माझ्या पॉलिसीत ते दिवसाला विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे तीन हजार. सहा हजारांची खोली घेतली तर वरचे तीन हजार भरून सुटका होईल असं मला वाटायचं. तसं नाही. खोली दुप्पट, म्हणून औषधं वगैरे सोडून डॉक्टरांची फी, ऑपरेशन असं बरंचसं बिल त्याच प्रमाणात कापतात. एसीची हवा थंड असतेच. बिल पाहिल्यावर हातपायही थंड पडतात.

मग मी मोंढ्यातली सवय वापरली. कोऱ्या कागदावर उभी रेघ मारली. साडूंनी दिलेले माझे दर असे : तीनचा उंबरठा घेतला तर वर्षाला ७,४००, पाचचा घेतला तर ४,९००. फरक २,५००. जोखीम जास्तीची किती? दोन लाख. दोन लाखांना अडीच हजारांनी भागलं.

उत्तर आलं ८०.

पाचचा उंबरठा परवडायचा असेल तर मला ऐंशी वर्षं मोठा आजार न होता काढावी लागतील. मी ४८चा आहे. म्हणजे वयाच्या १२८व्या वर्षापर्यंत ठणठणीत राहून मग आजारी पडलो तर निर्णय बरोबर ठरेल. ते पाहायला साडू असतील का, हा प्रश्न आहेच. हप्ता वयाबरोबर चढेल, फरक थोडा वाढेल, साठच वर्षं म्हणा. तरी एवढा थोर विश्वास मी स्वतःच्या तब्येतीवर कधीच टाकला नव्हता. माझं वजन ८४ आहे.

पण हाच भागाकार दुसरीकडे वेगळं बोलतो. साडूंनी आणखी एक सुचवलं होतं : खालच्या पॉलिसीलाच पन्नास हजारांचं ऐच्छिक डिडक्टिबल लावा, हप्त्यात साडेपाच हजार वाचतील. पन्नासला साडेपाचानं भागलं तर नऊ वर्षं. आता आमच्या घराचा इतिहास काढला. दहा वर्षांत भरती तीनदा : मुलाचा डेंग्यू, बायकोचं अपेंडिक्स आणि मी, मोटारसायकलवरून बाजूला होऊन एका म्हशीला वाट दिली तेव्हा. म्हणजे तीन-साडेतीन वर्षांतून एकदा. नऊ वर्षं वाट पाहायची ताकद आमच्या घरात नाही, म्हणून तेही नको. ज्यांच्या घरी दहा वर्षांत कोणी दवाखान्याची पायरी चढलेलं नाही आणि कपाटात पन्नास हजार निजलेले आहेत, त्यांनी खुशाल घ्यावं. जास्तीची जोखीम भागिले वाचलेला हप्ता, आणि उत्तराशी आपल्या घराचं रेकॉर्ड लावून पाहायचं. चौथीचं गणित आहे. तब्बल महिनाभर मी ते पॉलिसीच्या चाळीस पानांत शोधत होतो.

तरीही साडूंचं ते वाक्य डोक्यात होतं : माणसं आहेत आपली. आपलीही असतील की! मग एका रात्री बायकोबरोबर बसून यादी केली. रात्री दोन वाजता फोन केला आणि 'पैसे पाहिजेत' एवढंच म्हटलं, तर कोण किती देईल?

शेटजी : ३० हजार. सोबत तासाभराचा उपदेश, तो बिनव्याजी.

मामा : २५ हजार, सोयाबीन विकलं असेल तर. नसेल तर सात पोती सोयाबीन.

मास्तर मित्र : २० हजार, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. आपण आजारी पडताना तारीख बघावी.

बायकोची भिशी : ४० हजार, नंबर लागला असेल तर. हा आकडा मला पहिल्यांदाच कळला आणि त्यावर जी चर्चा झाली ती या लेखाच्या विषयात बसत नाही.

अण्णा : मुदत ठेव मोडायला एका पायावर तयार, पण पावती कुठे ठेवली ते २०१९पासून आठवत नाही.

शेजारी : फोन उचलणार नाहीत. पण सकाळी सहाला डबा आणि थर्मास घेऊन दवाखान्यात हजर राहतील, आणि हे पैशांच्या रकान्यात कुठे लिहायचं ते मला कळलं नाही.

साडूंचं नाव मी लिहायला घेतलं, तर बायको म्हणाली, "त्यांना कशाला? ते आधीच पाच लाखवाले."

यादीची बेरीज १,१५,०००. त्यात आमची स्वतःची बचत ७०,०००. एकूण १,८५,०००. खड्डा दोन लाखांचा. पंधरा हजार कमी पडत होते, आणि तेही शेटजी फोन उचलतील असं धरून.

दुसऱ्या दिवशी मी साडूंना तीनचा आकडा सांगितला. ते थोडे हिरमुसले. "जास्त भरताय हो वर्षाला अडीच हजार," म्हणाले. मग माझ्या शेजारी बसून त्यांनी फॉर्म भरला : वय, वजन, शुगर, बँकेचं नाव, खातं. हप्ता ऑनलाइन कापला जाताना खात्यातली शिल्लक मोबाइलवर दिसते, ती त्यांनी पाहिली. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

महाशिवरात्रीच्या नंतरची गोष्ट. रात्री दोनला दहा कमी असताना फोन वाजला. मेहुणी. "दाजी, यांच्या छातीत दुखायलंय." निघालो. संभाजीनगरला पहाटे अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट पडले आणि साडू वाचले. हे आधीच सांगतो, कारण विनोदी लेखात माणसाला टांगून ठेवू नये.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सुट्टी द्यायची ठरली. बिल ४,१०,०००. कॅशलेसची शेवटची मंजुरी तीन तासांत यावी असा विमा नियामकांचा २०२४पासूनचा दंडक आहे. ती अडीच तासांतच आली. खालच्या पॉलिसीनं तीन लाख दिले. वरच्या पॉलिसीनं, उंबरठा पाचचा असल्यामुळे, खिडकीही उघडली नाही. राहिले १,१०,०००. चार वर्षांत साडूंनी हप्त्यात वाचवलेले दहा हजार. घरात होते, तेही धरून, चाळीस. मेहुणीनं मला फोन केला आणि न चुकता बरोबर आकडा सांगितला : "दाजी, सत्तर हजार पाहिजे होते."

साठ नाही, ऐंशी नाही, सत्तर.

पैसे भरून खोलीत गेलो. साडू पांढरेफटक पडलेले, तरी मला बघून हात वर केला. "साडूभाऊ, मधला गॅप..." ते पडल्या पडल्या समजावू लागले. मी म्हटलं, "राहू द्या. एवढंच सांगा, सत्तरचा आकडा कुठून आला?"

त्यांनी डोळे मिटले. मेहुणीनं उशाची डायरी माझ्या हातात दिली. चार वर्षांपूर्वीचं पान. वर लिहिलेलं : डिडक्टिबल पाच लाख. खाली माणसांची यादी. त्यात पहिलं नाव माझं. माझ्यापुढचा आकडा आधी चाळीस होता, तो खोडून पंचावन्न केला होता आणि गेल्या दिवाळीनंतर नव्या शाईनं सत्तर. माझ्या बचतीची इतकी नियमित नोंद माझ्याही वहीत नाही.

म्हणजे पाच लाखांचा उंबरठा साडूंनी एकट्यानं घेतलाच नव्हता. मपलं म्हणून त्यांनी जे लिहिलं होतं, त्यातले सत्तर हजार तुपले होते. हप्ता हलका होता, कारण त्याचा एक कोपरा चार वर्षं मी धरून उभा होतो आणि मला पत्ताही नव्हता. रागावणार होतो. मग आठवलं की मामांचं सोयाबीन, मास्तरांचा पगार आणि शेटजींची तिजोरी यांना तरी मी कुठे विचारलं होतं?

घरी येऊन आमची यादी काढली. 'स्वतःची बचत : ७०,०००' ही ओळ खोडली. सगळ्यात खाली लिहिलं : 'साडू, येणे : ७०,०००.'

बेरीज पुन्हा करून पाहिली. १,८५,०००. एक रुपयाही कमी झाला नव्हता.